कोटापुढे उतरायचं नाही

शनिवारी सकाळी तेजल माकुणसारहून निघाली, ती रस्त्यावर बाण काढायला. काम अगदी साधं. पाठीवरच्या पिशवीत चुन्याची पुडी, काथ्याचा कुंचला, पाण्याच्या दोन बाटल्या. आणि जिथं रस्ता फुटतो तिथं उतरून डांबरावर हातभर लांबीचा पांढरा बाण. दुसऱ्या दिवशी बत्तीस सायकलस्वार येणार होते. केळव्याच्या किल्ल्यापासून निघून माहीम, शिरगाव, पालघर, उमरोळी आणि शेवटी तारापूरचा किल्ला असा त्यांचा रस्ता तिनं आखला होता. वाटेत कुणी चुकायला नको होतं.

हॉलंडात चार वर्षं ती रस्ते आखायलाच शिकली होती. सत्तरीच्या बायका भाजीची पिशवी अडकवून भर वाऱ्यात सायकल हाणतात आणि त्यांना कुणी ‘जपून हं’ म्हणत नाही, हे तिनं तिथं पाहिलं होतं. परत आली तेव्हा घरच्यांना वाटलं, सुट्टीवर आली. ती राहायला आली होती. आपल्या किनाऱ्यावर एवढे कोट, एवढे बुरूज, आणि लोक ते गाडीच्या काचेतून बघून जातात. गावात पाय ठेवत नाहीत. सायकलवाल्याला ठेवावाच लागतो. त्याला तहान लागते, भूक लागते, त्याचं पंक्चर होतं. सायकलवाला आला की गावाचं दार उघडतं, असं ती भेटेल त्याला सांगत सुटली होती. ऐकणारे हसायचे. ती पुन्हा सांगायची.

अडचण एकच होती. उमरोळीहून तारापूरला जायच्या दोन वाटा. एक बोईसरच्या कारखान्यांमधून, आणि तिथं टँकर आणि शिफ्टच्या बसेस अशा अंगावर येतात की त्या रस्त्यावर मी कुणाला नेणार नाही, हे तिनं आधीच जाहीर करून टाकलं होतं. दुसरी वाट वेळशेतच्या खारबंधाऱ्यावरून. तीन किलोमीटर सरळसोट. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला तिवरांचं रान, आणि बरोबर मध्यावर वेळशेतचा कोट. कोट म्हणजे फिरंग्यांच्या वेळचा एक बुरूज आणि अर्धी भिंत. ही वाट मिळाली तर रविवार पार पडणार होता. नाही मिळाली तर बत्तीस जणांना फोन करून ‘येऊ नका’ म्हणायचं. आणि एकदा असं म्हटल्यावर पुन्हा कोण येतंय?

वाट वेळशेतकरांची होती, आणि वेळशेतकरांची एक रीत होती. कोटापुढून सायकल कुणी चालवत नाही. वेशीपाशी उतरायचं, कॅरियरवर दगड बांधायचा, आणि पार दुसऱ्या टोकाच्या उघाडीपर्यंत, म्हणजे खाडीचं पाणी सोडायची लाकडी दारं आहेत तिथपर्यंत, सायकल ढकलत न्यायची. वेशीवर अशा दगडांची रास होती. वापरून गुळगुळीत झालेले, दोरीच्या खाचा पडलेले दगड. मोटारसायकलवालेसुद्धा मागच्या सीटवर दगड बांधून हळूहळू जात. कारण कोटापाशी रिकामी जागा दिसली, की भागी येऊन बसते.

भागी ही आत्मारामतात्यांची पहिली बायको. साठेक वर्षं झाली. तिला ताप भरला होता, तात्या तिला कॅरियरवर बसवून डॉक्टरकडे नेत होते. दिवस अमावस्येचा, भर दुपारची उधाणाची भरती, आणि तेव्हा बंधारा असा उंच नव्हता. पाणी रस्त्यावर चढायचं. कोटापाशी सायकल एकाएकी हलकी झाली. तात्यांनी मागं वळून पाहिलं तर कॅरियर रिकामा. एवढंच. गावातल्या लहान पोरालाही ही गोष्ट पाठ होती, आणि प्रत्येक पोराला तात्यांनीच ती सांगितली होती.

तेजल वेशीवर पोचली तेव्हा दहा वाजले होते. तात्यांची सून हंसा चटईवर वाळत घातलेले बोंबील उलटत बसली होती. रविवारचं जेवण तिच्याच अंगणात ठरलं होतं.

“आली गो बाय,” हंसा म्हणाली आणि उठून सायकलीभोवती एक फेरी मारली. “हिला कॅरियर नाय. घंटी नाय. चिखल उडला तर आडवायला पत्रा नाय. येवढं पैसं घेतलं न अर्धीच दिली तुला?”

“वेगात जायला हलकी लागते, काकी.”

“मंग दगड कुठं बांधशील?”

“बांधणारच नाहीये.”

ओटीवरून तात्या उतरले. ऐंशीच्या घरातला माणूस, पण काठी नाही. त्यांची काळी जुनी सायकल तयार होती, कॅरियरवर दगड करकचून बांधलेला. गेल्या आठवड्यात गावाच्या बैठकीत ठरलं होतं ते त्यांनी पुन्हा म्हणून दाखवलं, एखादं कलम वाचावं तसं. बाराच्या भोंग्याला तेजलनं वेशीवरून निघायचं, एकटीनं. तात्या आणि हंसा आधीच पुढं जाऊन उघाडीवर थांबतील. न उतरता, न पडता ती पोचली, तर उद्या बत्तीस जणांना वाट मोकळी. नाही पोचली तर पुन्हा विषय काढायचा नाही.

“आणि जड झाली सायकल तर?” तात्या थांबले. “तर काय करायचं, म्हाइत हाय ना?”

“पडायचं.”

“डोळे मिटायचं न आंग टाकून द्यायचं चिखलात. मागं बघायचं नाय, बोलायचं नाय. पडलं की ती सुटते. तरनेपनी न उतरता जाऊन बघितलं न आमी सगळं पडलोय.” त्यांनी लेंगा वर करून गुडघा दाखवला. वेशीवर जमलेल्या चार-सहा पुरुषांनीही माना डोलावल्या. त्या गावात गुडघ्याला व्रण नसलेला पुरुष शोधून काढावा लागला असता.

“तात्या, मी नाही पडणार,” तेजल म्हणाली. “आपल्याच गावच्या रस्त्यावर तुम्ही साठ वर्षं उतरून चालताय. पुरे झालं आता.”

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. रागानं पाहतील असं तिला वाटलं होतं. तसं नव्हतं ते. काहीतरी मोजत असल्यासारखं ते पाहणं होतं.

“अमावस्या हाय आज,” एवढंच म्हणून ते सायकल ढकलत निघाले. मागं डोक्यावर पदर घेऊन हंसा.

तेजलनं वेशीवर एक बाण काढला, सरळ, बंधाऱ्याकडे. मग सावलीत बसून राहिली. लांब बोईसरकडे भोंगा वाजला तेव्हा तिनं शिरस्त्राण बांधलं, बूट पेडलांत अडकवले आणि निघाली.

पहिला किलोमीटर मजेत गेला. वारा पाठीशी होता. हँडलवरचं यंत्र अठ्ठावीसचा वेग दाखवत होतं. डावीकडे मिठागरांचे चौकोन ऊन डोळ्यांत फेकत होते, उजवीकडे तिवरांच्या मुळांत भरती चढत होती; चिखल बुडबुडे सोडत होता, आणि त्या चिखलाचा जडसर वास मधूनच नाकात शिरत होता. दूर मिठाचे ढीग, त्यांवर पसरलेला पेंढा. माणूस एकही नाही. समोर कोट हळूहळू मोठा होत होता. बुरुजावर उगवलेला पिंपळ, त्याची पानं... ती हलत नव्हती. वारा तर होता.

मग लक्षात आलं, वाराही नाही. कानाशी घोंघावणं थांबलं होतं. चाकाचा आवाज तेवढा उरला होता, सुईसारखा बारीक.

बुरुजाची सावली रस्त्यावर पडलेली नव्हती. माथ्यावरच्या उन्हात सावली पडणार कुठून? तरी तिथं येताच हवा गार झाली. विहिरीत वाकून पाहिल्यावर तोंडाला लागते तशी. तेजलनं दात आवळले आणि मनाशी म्हटलं, कॅरियरच नाही माझ्या सायकलीला. बसणार कुठं?

तेवढ्यात पुढचं चाक दबलं.

मागचं नाही. पुढचं. टायर ‘फस्स’ करून डांबरावर बसल्यासारखा पसरला. अठ्ठावीस. एकोणीस. अकरा. पाय तेवढेच जोर लावत होते, आणि सायकल चढावर अडकल्यासारखी कण्हत होती. तेजलनं मान वळवून मागं पाहिलं. मागं काही नव्हतं.

मग तिचे दोन्ही हात कुणीतरी आतून बाजूला सारले. हळूच. दांडीवर बसणारं माणूस स्वतःला जागा करून घेतं, तसं.

ओल्या केसांचा वास आला. खोबरेल तेल, खाडीचं पाणी आणि त्याखाली तापानं फणफणलेल्या अंगाचा वास... पण ऊब नव्हती. तिच्या उजव्या हाताला काहीतरी टेकलं, गार आणि ओलं, आणि हँडलवर तिच्या बोटांशेजारी रबराची मूठ दबली. चार ठिकाणी. चार बोटांएवढ्या खळग्या.

डोळे मिटावेत, अंग टाकावं, चिखल मऊ आहे. तिचं सगळं शरीर हेच सांगत होतं. हँडल डगमगलं. सायकल खाडीच्या कडेला गेली, आणि त्या क्षणी त्या चार खळग्या एकदम खोल झाल्या. जिवाच्या आकांतानं धरावं तशा.

तेव्हा तिला कळलं, की दांडीवर जी होती ती घाबरली होती.

म्हणजे हिला माहीत आहे. आता पाडणार, हे हिला माहीत आहे. गावातल्या एकेका पुरुषाच्या गुडघ्यावरचा एकेक व्रण म्हणजे एकेकदा हिला चिखलात टाकून दिलेलं. साठ वर्षं. ताप भरलेल्या बाईला.

भीती गेली नाही. पण तिनं हँडल खेचून सायकल रस्त्याच्या मधोमध आणली.

“घट्ट धर,” ती म्हणाली. आवाज चिरका निघाला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं, ओरडूनच म्हटलं, “घट्ट धर! मी नाही पाडत तुला. ऐकतेस ना? नाही पाडणार!”

तिच्या पांढऱ्या बुटावर पाण्याचा थेंब पडला. मग दुसरा.

तो दीड किलोमीटर तिनं कसा ओढला ते तिलाच ठाऊक. सातचा वेग, सहाचा. मांड्या जळत होत्या, घाम डोळ्यांत उतरत होता, आणि हनुवटीला मधूनच ओल्या केसांचा स्पर्श होत होता. ती बोलत राहिली. काय वाट्टेल ते बोलत राहिली. आता मिठागर संपेल बघ. आता तो तिसरा खांब. हा रस्ता तुझाही आहे बये, कुणाच्या बापाचा नाही. एकदा तिला वाटलं, पुढचा भार तिच्या छातीवर रेलला. थकलेलं माणूस रेलतं तसा. तिनं पाठ ताठ ठेवली.

उघाडीवर दोन माणसं दिसली. हंसा उभी राहून हात हलवत होती. “आली, आली! तात्या, उतरली नाय, पडली नाय, आली पोर!”

तेजलनं ब्रेक दाबला, एक पाय काढून जमिनीवर टेकवला. पुढचं चाक हळूच वर उचललं गेलं. डांबरावर, तिच्या सायकलीपासून तात्यांच्या दिशेनं, दोन ओली पावलं उमटली. मग उन्हानं ती वाळवून टाकली आणि मागं मिठाची पुसट रेघ राहिली. हंसा आकाशाकडे बघून हात जोडत होती. तिला ती पावलं दिसली नाहीत.

“काय नव्हतं ना?” हंसानं विचारलं. “उगाच एवढी वर्सं...”

“होती,” तेजल म्हणाली. तिला धाप लागली होती. “बसली होती. पण तुमचं चुकलं, काकी. तुम्ही सगळे दगड मागं बांधता. ती मागं नाही बसत. दांडीवर बसते. पुढं.”

हंसा गोंधळून सासऱ्याकडे वळली. तात्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“कुनी सांगितलं तुला?” ते म्हणाले.

“कुणी नाही.”

“कुनालाच म्हाइत नाय ते. मी... मी कुनाला सांगितलेलंच नाय.”

उघाडीच्या दारांखाली पाणी आपटत होतं. मग म्हातारा बंधाऱ्याच्या दगडावर मट्‌कन बसला आणि तोंडातल्या तोंडात सांगू लागला, जणू त्या दोघी तिथं नव्हत्याच.

कॅरियर नव्हताच तेव्हा सायकलीला. नवी सायकल, सासऱ्यानं दिलेली. भागीला दांडीवर बसवलं होतं. पाणी चढत होतं, सायकल दोघांना घेऊन जाईना. “तिला बुरुजाच्या पायरीवर उतरवली. म्हटलं, बस हितं, आलोच मानसं घेऊन. ती हँडल सोडीना. एकेक बोट सोडवावं लागलं मला.” ते थांबले. “आन उघाडीवर येऊन मी बसलो. हितंच. या दगडावर. भरती उतरंपर्यंत... मला पान्याची भीती वाटली.”

“हाका मारत होती?” हंसानं विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

“वारा होता.”

“तात्या, हाका मारत होती का?”

म्हाताऱ्यानं मान वर केली आणि तेजलकडे पाहिलं. “पोरी, तिला परत नेऊन सोड. कोटापाशी. तुझ्यासोबत आली, तुझ्यासोबत जाईल. उद्याच काय, कायमची वाट देतो तुला. पन हितं नको ठेवू तिला.”

तेजलला ओरडून रडावंसं वाटत होतं. पण ती सरळ उभी राहिली.

“नाही,” ती म्हणाली. “तिला इथंच यायचं होतं. तुम्ही गावाला खोटी गोष्ट सांगितलीत आणि तिला पोचू दिलं नाहीत. सगळ्या गावाला तुमचे दगड वाहायला लावलेत. मी तिला पुन्हा बुरुजावर टाकणार नाही. आणि वाट तुम्ही द्यायची नाही, तात्या. ठरल्याप्रमाणे मी घेतली आहे.”

म्हातारा उठला. त्यानं आपल्या सायकलीच्या कॅरियरचा दगड सोडला. तो गडगडत खाडीत गेला. मग सायकलीवर टांग टाकली. हंसा म्हणाली, “तात्या, आवं ढकलत चला, पडाल!” पण ते निघाले होते, बंधाऱ्यावरून कोटाकडे. हात दोन्ही बाजूंना फाकलेले, मान तिरकी काढून समोरचं पाहत. मध्ये कुणी बसलं असलं की बघावं लागतं तसं.

रविवारी सकाळी नऊला बत्तीसच्या बत्तीस जण वेळशेतच्या वेशीवर आले. लाल, पिवळे, निळे कपडे. हसणं, फोटो, नारळपाणी. दगडांच्या राशीकडे कुणाचं लक्षही गेलं नाही. तेजल हंसाला शोधत गेली. हंसा दाराशी उभी होती. रात्रभर झोपलेली दिसत नव्हती.

“काल दुपारपास्नं उतरलेच नाय ते,” ती हळू आवाजात म्हणाली. “हिकडून तिकडं, तिकडून हिकडं. रात्रीपन. माझ्या नवऱ्यानं न दिरानं हँडल धरलं, तर दोघांना फरफटत नेलं. तात्यांना हाक मारली की बघतात. डोळ्यांनी सांगतात, थांबवा. पन सायकल काय थांबत नाय.”

तेजल म्हणाली, “मग आज... थांबवू का सगळ्यांना? परत फिरवू?”

हंसानं तिच्याकडे पाहिलं. मग पदर खोचला. “कशाला? उघडलीस ना वाट? जा. बाराला जेवन तयार हाय, तारापूर बघून सगळ्यांना घेऊन ये. आन एक सांगते. उद्यापास्नं मीपन टोपली घेऊन याच वाटेनं जानार. सायकलवर. बघते कोन उतरवतो.”

रांग निघाली. तेजल सगळ्यात मागं राहिली. बंधाऱ्यावर पुढं तो काळा ठिपका दिसतच होता, आणि बत्तीस जण एकेक करून त्याला ओलांडताना ओरडत होते, “शाब्बास आजोबा! काय दम आहे!” कुणी अंगठा दाखवला, कुणी टाळ्या वाजवल्या.

कोटापाशी तेजल त्याच्या बाजूला आली. तिला पुढं निघून जायचं होतं. तिनं वेग कमी केला. म्हाताऱ्याचे ओठ फुटले होते. डोळे तिच्याकडे वळले. हात तसेच फाकलेले, घट्ट, आणि त्याच्या एकेका बोटावर निळे वळ उठले होते.

तिनं खाली पाहिलं. त्याचे दोन्ही पाय केव्हाचे सुटून लोंबकळत होते, चपला पडून गेलेल्या, अंगठे डांबराला घासत. आणि पेडलं फिरत होती. हळू, एकसारखी.